वाचकांचे प्रश्न : जुना टॅकोमीटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन

जुन्या मोटारींच्या या सदराकडे अलीकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच दुखण्याची आहेत. डिस्ट्रिब्यूटरमधले (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागातले) सीबी पॉइंट, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलचा प्रवाह तोडणारा स्विच, आणि कंडेन्सर काढून तेच काम करणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, गाडी पहिल्या सेल्फला सुरू होऊ लागली, पण डॅशबोर्डावरचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा आपल्या गॅरेजांतला आरपीएम मीटर, भलतेच आकडे दाखवू लागला किंवा अजिबात बंद पडला. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार आहे. तिच्यात स्मिथ्स कंपनीचा टॅकोमीटर असून तबकडीच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत ‘आरव्हीआय’ असे छापले आहे. मूळची पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेली) ही गाडी आधीच्या मालकाने निगेटिव्ह अर्थ करून घेतली होती. गेल्या दिवाळीत मी डिस्ट्रिब्यूटरमध्ये चुंबकाच्या कड्यावर चालणारे मॉड्यूल बसवले. तेव्हापासून गाडी जागेवर सुरू असताना काटा ९०० दाखवतो, पण २,००० च्या पुढे तो थरथरतो आणि मध्येच शून्यावर पडतो. पॉइंट असतानाही तो थोडा नाचत असे, पण चालत असे. एका गॅरेजवाल्याने मीटर जळाल्याचे सांगून नवा डिजिटल मीटर बसवायला सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपला मीटर जळालेला नाही. जळालेला मीटर ९०० दाखवत नाही. तेव्हा काहीही विकत घेण्याआधी हा मीटर नेमके काय मोजतो ते पाहू या, कारण त्यातच आपल्या दुखण्याचे मूळ आहे.

या मीटरचा इंजिनाच्या फिरण्याशी थेट संबंध नाही. तो ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ३,००० आरपीएमला मिनिटाला ६,००० आणि सेकंदाला १००. प्रत्येक ठिणगीच्या वेळी मीटरमधले छोटे ट्रान्झिस्टर सर्किट काट्याच्या वाइंडिंगला ठरावीक ताकदीची आणि ठरावीक लांबीची एक टिचकी देते. टिचक्या जितक्या जवळजवळ पडतील तितका सरासरी प्रवाह वाढतो आणि काटा वर चढतो. ठिणगी पडली ही खबर मीटरला मिळतच नसेल, किंवा एका ठिणगीची दोनदा मिळत असेल, तर मीटर कितीही धडधाकट असला तरी आकडा चुकणारच.

ही खबर मिळवण्याच्या दोन रीती आहेत आणि आपल्याकडचा सगळा घोळ त्या दोन्हींची गल्लत केल्याने होतो. पहिल्या रीतीचा मीटर कॉइलमधून जाणारा प्रवाह ओळखतो. आपला आरव्हीआय या जातीचा आहे. इग्निशन स्विचकडून येणारी पांढरी वायर थेट कॉइलला न जाता आधी मीटरच्या पाठीमागे येते, तिथल्या लहानशा लोखंडी गाभ्यातून एक वेढा घेते आणि मग कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला जाते. पॉइंट उघडले की तीन-चार अँपिअरचा प्रवाह एकदम तुटतो, गाभ्यातले चुंबकत्व कोसळते आणि आतल्या बारीक वाइंडिंगमध्ये एक हिसका उमटतो. दुसऱ्या रीतीचा मीटर व्होल्टेज ओळखतो. एमजीबीमध्ये १९७०च्या दशकात आलेला ‘आरव्हीसी’ हा त्या जातीचा. त्याला कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून पांढऱ्या-काळ्या पट्ट्याची एकच वायर जाते आणि पॉइंट उघडताना तिथे उसळणारे काहीशे व्होल्ट त्याला पुरतात. आपला मीटर कोणत्या जातीचा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे निम्मे काम झाले.

आता आपल्या गाडीकडे येतो. पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह अर्थ करताना आरव्हीआय मीटरमध्ये दोन बदल करावे लागतात. एक म्हणजे मीटर उघडून आतल्या सर्किटच्या पुरवठ्याची दोन टोके आपापसांत बदलणे, आणि दुसरा म्हणजे पाठीमागच्या वेढ्याची दिशा उलटवणे, कारण त्या पांढऱ्या वायरमधला प्रवाहच आता उलट वाहू लागलेला असतो. पहिला बदल केला नाही तर मीटर चालतच नाही, त्यामुळे तो सगळे करतात. दुसरा मात्र राहून जातो आणि तो राहिल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. याचे कारण असे की पॉइंटच्या व्यवस्थेत कंडेन्सर असतो. पॉइंट उघडल्यावर कॉइल आणि कंडेन्सर यांच्यात प्रवाह काही क्षण झोपाळ्यासारखा पुढे-मागे हेलकावतो. त्या हेलकाव्यात गाभ्याला दोन्ही दिशांचे हिसके मिळतात आणि उलट्या वेढ्याचा मीटरही त्यातला आपल्याला हवा तो हिसका उचलून कसाबसा चालत राहतो. आपला काटा पॉइंटच्या काळातही थोडा नाचत होता, असे आपण लिहिले आहे. माझ्या लेखी पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच.

इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल आले की कंडेन्सर जातो आणि त्याच्याबरोबर तो झोपाळाही जातो. मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर प्रवाह एकाच दिशेने झपकन तोडतो. उलट्या वेढ्याच्या मीटरला हा हिसका चुकीच्या बाजूने मिळतो, आणि योग्य बाजूचा उरतो तो फक्त प्रवाह पुन्हा चढतानाचा, जो काही मिलिसेकंद घेत सावकाश चढतो. अशा काठावरच्या खबरीवर मीटर संथ गतीत चालतो आणि गती वाढली की ठिणग्या चुकवू लागतो, असा माझा कयास आहे. तो खरा आहे की नाही हे पाहायला एक पैसाही लागत नाही.

बॅटरीची वायर काढून ठेवावी. डॅशबोर्डामागे हात घालून मीटर पकडणारे नट सोडवावेत आणि मीटर हळूच पुढे ओढावा. आपल्या सालच्या मीटरच्या पाठीवर प्लास्टिकचा एक लहानसा ठोकळा दिसेल आणि त्यातून पांढऱ्या वायरचा वेढा गेलेला दिसेल. ठोकळा सोडवून वायर बाहेर काढावी, ज्या बाजूने ती आत शिरत होती त्याच्या विरुद्ध बाजूने पुन्हा ओवावी आणि ठोकळा घट्ट बसवावा, कारण गाभ्याचे दोन भाग एकमेकांना नीट टेकले नाहीत तर चुंबकत्व घटते. ज्यांचा आरव्हीआय मीटर नंतरच्या बनावटीचा आहे, त्यांच्याकडे वेढा डब्याच्या आत असतो आणि बाहेर दोन बुलेट कनेक्टर (गोळीच्या आकाराचे वायरींचे जोड) डोकावतात. तिथे फक्त दोन वायरींची अदलाबदल करायची असते. एवढे करून गाडी सुरू करावी. दहा मिनिटांत निकाल कळेल.

काटा सुधारला पण पूर्ण स्थिरावला नाही, तर पुढचा संशय प्रवाहाच्या आकारावर घ्यावा. आपल्या गाडीची मूळ कॉइल सुमारे तीन ओहमची असते आणि ती चार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. कुणी मध्ये बॅलास्ट रेझिस्टन्स (प्रवाह कमी करणारा रोधक) घातला असेल, किंवा जास्त ओहमची कॉइल बसवली असेल, तर प्रवाह आणि त्याबरोबर हिसकाही घटतो. अशा वेळी गाभ्यातून वायरचा एक वेढा असेल तिथे दोन घ्यावेत. तेवढ्याच प्रवाहात चुंबकत्व दुप्पट होते. दोन्ही वेढे एकाच दिशेने असावेत, हे सांगायला हवे, कारण उलटसुलट घातले तर ते एकमेकांना मारतात. रेडिओचा खरखराट कमी करण्यासाठी कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर जो डबीसारखा कंडेन्सर कधीकधी लावलेला असतो, तोही काढून पाहावा. तो मीटरच्या पुढे बसलेला असल्याने प्रवाहातला झटका मीटरपर्यंत पोहोचण्याआधीच काही प्रमाणात गिळू शकतो.

मॉड्यूलला वीज पुरवणाऱ्या लाल वायरीविषयी आपण काही लिहिलेले नाही, तरी सांगतो. ती कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर न जोडता फ्यूजबॉक्सवरच्या इग्निशनच्या पांढऱ्या वायरीच्या टोकावरून घेतलेली बरी. साठ वर्षांच्या वायरी, त्यांचे सांधे आणि मीटरचा वेढा ओलांडून जाताना व्होल्टेज गळते, आणि सेल्फ मारताना नेमक्या त्याच क्षणी मॉड्यूलला ते कमी पडते. शिवाय इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू सोडू नये. चुंबकावर चालणारी जुन्या रचनेची मॉड्यूल्स अशाने तापून जातात, आणि रेडिओ ऐकत बसलेल्या माणसाच्या ते लक्षातही येत नाही.

या वेढ्याची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. इंजिनाला लागणारी सगळी वीज टॅकोमीटरमधून जात असल्यामुळे तिथला सांधा सैल झाला तर गाडीच बंद पडते. एकदा खंबाटकी घाट उतरताना माझी गाडी प्रत्येक खड्ड्याला श्वास कोंडल्यासारखी करत होती. खाली उतरून मी पेट्रोलची नळी पाहिली, कार्बोरेटर पाहिला, डिस्ट्रिब्यूटरची कॅप पुसली. शेवटी ध्यानात आले की इंजिन दचकते तेव्हा आरपीएमचा काटाही त्याच क्षणी शून्याला टेकतो. मीटरमागचा बुलेट कनेक्टर चिमटीत धरला तर तो गरम लागला आणि अलगद हातात आला. आतले पितळ काळे पडले होते. पॉलिश पेपरने घासून, पकडीने किंचित दाबून परत बसवल्यावर घरापर्यंत एकदाही अडखळ झाली नाही. तेव्हा वेढा बदलताना हे सांधेही स्वच्छ करावेत, ही आग्रहाची विनंती.

एवढे सगळे करूनही काटा वळणावर आला नाही, तर मग मीटर उघडावा. इतक्या वर्षांत आतले कपॅसिटर, म्हणजे कंडेन्सरच, सुकतात, कार्बन रेझिस्टन्सचे ओहम वर सरकतात आणि काटा जुळवण्याच्या फिरत्या रेझिस्टन्सवर गंज चढतो. हे सुटे भाग इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळतात आणि बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न चालवणारा रेडिओ मेकॅनिक ते बदलू शकतो. पण त्या मीटरच्या जागी डिजिटल मीटर बसवू नये, असे मी मनापासून सांगतो. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून गाडी ज्या काट्यासह बाहेर पडली तो काटा पुन्हा चालू करता येत असताना त्याला भंगारात घालणे योग्य नाही.

प्रश्न : माझ्या राजदूत ३५० ला पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे आहे. आरपीएम मीटर बिघडेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. आपल्या मोटारसायकलचा मीटर इंजिनातल्या गिअरवरून फिरत्या केबलने चालतो, त्याचा ठिणगीशी काही संबंध नाही. ऑक्टोबर १९६४ पूर्वीच्या एमजीबीमध्येही अशीच केबल होती. त्या काळातल्या जॅग्वार मार्क २ सारख्या गाड्यांत कॅमशाफ्टच्या टोकाला एक लहान जनरेटर असतो आणि मीटर त्याच्यावर चालतो. त्यालाही इग्निशन बदलल्याने धक्का लागत नाही. आपण फक्त केबल काढून, स्वच्छ करून, हलके ग्रीस लावून पुन्हा बसवावी.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आधीच बसवलेले आहे. चोर बाजारात मला एक सुंदर स्मिथ्स टॅकोमीटर मिळाला, पण तो सहा सिलिंडरच्या गाडीचा असल्याचे विकणाऱ्याने सांगितले. तो पद्मिनीला चालेल का?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : चालवता येईल, पण थोडे काम आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनीला मुळात टॅकोमीटर नव्हताच, त्यामुळे आपल्याला मूळ वायरिंग मोडावे लागणार नाही, ही चांगली गोष्ट.

सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला तीन ठिणग्या पडतात, आपल्याकडे दोन. तीन टिचक्यांना एक फेरा समजणारा मीटर आपल्या गाडीवर नेहमी दोन-तृतीयांश आकडा दाखवेल. इंजिन ३,००० ने फिरत असताना काटा २,००० वर असेल. पाठीमागच्या छिद्रातून फिरवायचा जुळवणीचा स्क्रू एवढे मोठे अंतर बहुधा भरून काढू शकत नाही, कारण तो थोडीफार चूक सुधारण्यासाठी ठेवलेला असतो. खरा उपाय म्हणजे टिचकीची लांबी ठरवणारा कपॅसिटर मूळच्या दीडपट क्षमतेचा बसवणे. प्रत्येक टिचकी दीडपट लांब झाली की दोन टिचक्यांत तीन टिचक्यांचे काम होते, आणि मग राहिलेला किरकोळ फरक स्क्रूने जुळवता येतो.

त्याआधी मीटर उलटा करून पाठ पाहावी. ठोकळ्यातला वेढा किंवा वेढ्याची दोन बुलेट टोके असतील तर तो प्रवाह ओळखणारा आहे, आणि इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी वायर कापून तो मध्ये घालावा लागेल. वेढ्याऐवजी संकेताच्या वायरीसाठी एकच चपटे टोक असेल तर तो व्होल्टेज ओळखणारा आहे, आणि मग कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून एक वायर आणली की भागते. पद्मिनीसाठी मला दुसरा प्रकार जास्त पसंत आहे, कारण त्यात मीटर बिघडला तरी गाडी रस्त्यात अडकत नाही. फक्त ती वायर बॉनेटमधल्या पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट घालायला विसरू नये. तिचे आवरण घासून तांबे पत्र्याला लागले तर कॉइलचे निगेटिव्ह टोक कायमचे अर्थ होते आणि इंजिन तत्क्षणी बंद पडते.

प्रश्न : मी बरीच वर्षे मिशिगनमध्ये राहतो. माझ्याकडे १९६९ ची आठ सिलिंडरची फोर्ड मस्टँग आहे, कारखान्यातून आलेल्या टॅकोमीटरसह. मी एमएसडी या कंपनीचा सहा मालिकेतला इग्निशन बॉक्स बसवला. इंजिन उत्तम चालते, पण काटा पूर्ण मेलेला आहे. कॉइलच्या निगेटिव्हला दुसरा मीटर जोडून पाहावा का?
— एक वाचक, मिशिगन, अमेरिका

उत्तर : कृपया तसे अजिबात करू नये. हा बॉक्स साध्या मॉड्यूलसारखा नाही. तो आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठवतो आणि ठिणगीच्या क्षणी कॉइलच्या वाइंडिंगमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट ओततो. शिवाय ३,००० आरपीएमच्या खाली तो एका वेळी एक नव्हे तर लागोपाठ अनेक ठिणग्या टाकतो. कॉइलच्या टोकांना बॉक्सच्या दोन वायरींखेरीज दुसरे काहीही जोडायचे नाही, हा या बॉक्सचा पहिला नियम आहे. तो मोडला तर मीटर आणि बॉक्स दोन्ही जाऊ शकतात.

काटा का मेला हे आता सहज समजेल. आपला मीटरही प्रवाह ओळखणाऱ्या जातीचा आहे. कॉइलचा सगळा प्रवाह त्याच्यातून जात असे. नव्या व्यवस्थेत बॉक्स आपली खरी वीज जाड लाल वायरीने थेट बॅटरीवरून घेतो. पूर्वी कॉइलला जाणारी वायर, म्हणजे मीटरमधून आलेली वायर, आता बॉक्सच्या बारीक लाल वायरीला जोडलेली आहे, आणि ती केवळ चालू-बंद सांगण्यापुरती असते. तिच्यातून जाणारा प्रवाह नगण्य असतो आणि तो ठिणगीगणिक तुटतही नाही. मीटरचे कान शाबूत आहेत, पण त्याच्या कानावर काही पडतच नाही.

इग्निशन बनवणारेच यासाठी वेगळा अडॅप्टर विकतात. विकत घेताना ‘करंट ट्रिगर’ मीटरसाठीचा अडॅप्टर असे स्पष्टपणे मागावे आणि आपल्या बॉक्सला ठिणगीची सूचना कशी मिळते, पॉइंटवरून की चुंबकीय पिकअपवरून, तेही सांगावे, कारण त्यानुसार अडॅप्टर बदलतो. हा अडॅप्टर ठिणगीगणिक आपल्या मीटरच्या वेढ्यातून एक चांगला भक्कम प्रवाह ओढतो आणि तोडतो, म्हणजे जुन्या कॉइलची नक्कल करतो. उलट, पुढेमागे आपण व्होल्टेज ओळखणारा मीटर बसवलात तर त्याला अडॅप्टरची गरज नाही. बॉक्सवर टॅकोमीटरसाठी खास टोक असते, त्यावर बारा व्होल्टचा नीटस चौकोनी संकेत मिळतो, आणि अनेक ठिणग्या पडल्या तरी तो एकदाच मिळतो.

प्रश्न : माझ्या १९७६ च्या एमजीबीमध्ये आरव्हीसी मीटर आहे. नवे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवल्यापासून जागेवर काटा १,७०० दाखवतो, पण कानाला इंजिन ८५० च्या आसपास वाटते.
— एक वाचक, बर्मिंगहॅम, ब्रिटन

उत्तर : आपला कान बरोबर आहे. आकडा अगदी दुप्पट असणे हे फार बोलके लक्षण आहे; मीटर प्रत्येक ठिणगी दोनदा मोजत आहे. ठिणगी संपताना कॉइलच्या निगेटिव्ह टोकावर पुन्हा एक उसळी येते आणि संवेदनशील मीटर तिलाही ठिणगी समजतो. पॉइंटचा जुना कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरमध्ये तसाच राहिला आहे का ते आधी पाहावे आणि असेल तर काढावा. मग मीटरकडे जाणाऱ्या पांढऱ्या-काळ्या वायरीत, मीटरच्या जवळ, दहा किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टन्स घालून पाहावा. एवढ्याने दुसरी उसळी दबली नाही तर रेझिस्टन्सचे ओहम टप्प्याटप्प्याने वाढवावेत, आणि काटा वरच्या गतीला ठिणग्या गाळू लागला की एक टप्पा मागे यावे.

आपल्या सालच्या गाडीत कॉइल कमी ओहमची, सुमारे दीड ओहमची असते आणि तिच्या आधी वायरिंगमध्येच गुलाबी-पांढऱ्या पट्ट्याची रेझिस्टन्स वायर असते. मॉड्यूलला पूर्ण बारा व्होल्ट हवे असतात, म्हणून त्याची लाल वायर त्या रेझिस्टन्स वायरीच्या आधीच्या टोकावरून घ्यावी. पण कॉइलचा पुरवठा मात्र त्या वायरीतूनच राहू द्यावा. ती गाळून दीड ओहमच्या कॉइलला थेट बारा व्होल्ट दिले, तर तीन ओहमच्या हिशेबाने बनवलेले चार सिलिंडरचे मॉड्यूल फार दिवस टिकणार नाही.

प्रश्न : दुरुस्तीनंतर टॅकोमीटर बरोबर दाखवतो की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे? मी तंत्रनिकेतनात शिकवतो, साधने मिळू शकतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपल्याकडे साधने आहेत, तेव्हा आपले काम सर्वांत सोपे. सिग्नल जनरेटरची हर्ट्झमधली संख्या चार सिलिंडरच्या मीटरसाठी ३० ने, सहासाठी २० ने आणि आठसाठी १५ ने गुणली की आरपीएम मिळतो. म्हणजे चार सिलिंडरच्या मीटरला १०० हर्ट्झला ३,००० आणि २०० हर्ट्झला ६,००० दाखवता आले पाहिजे.

व्होल्टेज ओळखणाऱ्या मीटरला जनरेटरचा संकेत बहुधा अपुरा पडतो. त्याने छोट्या ट्रान्झिस्टरमार्फत एखादी रिले-कॉइल तोडजोड करवली की तिच्या टोकावर हवी ती उसळी मिळते. प्रवाह ओळखणाऱ्या मीटरसाठी पॉवर ट्रान्झिस्टर घ्यावा आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवरून मीटरचा वेढा, मग ३.३ ओहमचा ५० वॉटचा रेझिस्टन्स, मग ट्रान्झिस्टर अशी साखळी जोडावी. जनरेटरने ट्रान्झिस्टर चालू-बंद केला की वेढ्यातून साडेतीन अँपिअरच्या आसपास प्रवाह झटक्याने तुटत राहतो, अगदी गाडीत तुटतो तसा. रेझिस्टन्स चांगलाच तापतो, तो लाकडी टेबलावर ठेवू नये. घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून मीटर जुळवण्याची कल्पना पुष्कळांना सुचते. व्होल्टेजच्या मीटरला ती चालते, पण आरव्हीआयला त्या गोल, सावकाश चढउताराच्या लाटेचा हिसका लागत नाही, आणि मग चांगला मीटरही नादुरुस्त ठरवला जातो.

मीटर गाडीत असतो तसा उभा धरूनच जुळवावा. आडवा ठेवल्यास काट्याचे वजन वेगळ्या बाजूला पडते. बारा व्होल्टवर एकदा आणि इंजिन चालू असताना मिळणाऱ्या साधारण चौदा व्होल्टवर एकदा आकडा पाहावा, दोन्हींत लक्षणीय फरक पडला तर आतला व्होल्टेज स्थिर राखणारा भाग थकला आहे असे समजावे. जुळवणीचा स्क्रू शून्याजवळ किंवा शेवटच्या लाल पट्ट्याजवळ न जुळवता ३,००० च्या खुणेवर जुळवावा, कारण गाडीचा बहुतेक वेळ तिथेच जातो. त्यावर किंचित नेलपॉलिशचा थेंब सोडला की तो कंपनाने हलत नाही.

ज्यांच्याजवळ यातले काहीच नाही, त्यांनी गिअरचा हिशेब वापरावा. ठरलेल्या मापाचे टायर आणि मूळचा मागचा अॅक्सल असलेली एमजीबी चौथ्या गिअरमध्ये, ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जादा गिअर) बंद असताना, दर १,००० आरपीएमला सुमारे २९ किलोमीटर वेगाने धावते. सपाट, मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसाने मोबाइलच्या जीपीएसवर ८७ किलोमीटर वाचले, तर काटा ३,००० च्या आसपास हवा. चालवणाऱ्याने मोबाइल पाहू नये, आकडा सोबत्यानेच मोठ्याने सांगावा, आणि चालवणाऱ्याने त्याच क्षणी काट्यावर नजर टाकून तो किती पुढे किंवा मागे आहे ते सोबत्याला टिपून घ्यायला सांगावे. अशी तीन-चार वेगांवरची नोंद हाती आली की स्क्रू कोणत्या बाजूला आणि किती फिरवायचा ते आपोआप ठरते.